एक लॅपटॉप, दोन पायथन : वेगळी चूल मांडा, घरची चूल विझवू नका

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे मोफत अपडेट देणं थांबवलं. आपल्याकडे पुष्कळ घरांतला लॅपटॉप सात-आठ वर्षांचा, त्यावर विंडोज ११ बसत नाही. मग दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा सांगतो, ‘लिनक्स टाकून देतो, मस्त चालेल.’ आणि चालतंही. अमरावतीत वलगाव रोडवर असो की अकोल्यात बैदपुऱ्यात, उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकलेला असा जुना लॅपटॉप घरात सगळ्यांच्या कामी येतो. धाकट्याचा महाडीबीटीचा स्कॉलरशिप फॉर्म त्यावर भरला जातो, भाईजानच्या दुकानाचा हिशेब त्यावर असतो, आणि इंजिनिअरिंगच्या किंवा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीचा प्रोजेक्टही त्यावरच.

अडचण येते ती या प्रोजेक्टपाशी. गाइडने दिलेला किंवा सीनियरकडून आलेला पायथनचा कोड जुना असतो, लॅपटॉपमधलं पायथन नवं असतं. कोड चालत नाही. मैत्रीण सांगते, ‘पायथन काढून टाक आणि जुनं टाक.’ मुलगी तसं करते. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सुरू केला तर समोर काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, पासवर्ड विचारणारी एक ओळ, बस. अम्मी विचारते काहून बंद पडला, भाऊ ओरडतो माझा हिशेब गेला, आणि सबमिशन चार दिवसांवर.

लॅपटॉप बिघडलेला नसतो आणि हिशेबही बहुधा जागेवरच असतो. मुलीने जे काढलं ते तिचं नव्हतं, लिनक्सचं होतं, एवढाच घोळ. हा घोळ नीट समजून घेतला तर एकाच लॅपटॉपवर पायथनच्या चार-चार आवृत्त्या गुण्यागोविंदाने राहतात. घरात ज्याला संगणकातलं काही कळत नाही त्यांनीही निदान पुढचा भाग वाचावा, कारण लॅपटॉप सगळ्यांचा आहे.

लिनक्समध्ये पायथन आधीपासून असतं, आपण टाकावं लागत नाही. ते विद्यार्थ्यांसाठी ठेवलेलं नसतं. उबुंटूची बरीचशी अंतर्गत कामं पायथनमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतात. अपडेट आल्याची खिडकी, नवीन सॉफ्टवेअरचा स्रोत जोडणारी आज्ञा, फायरवॉलची आज्ञा, चुकीची आज्ञा टाकली की ‘हे पॅकेज टाकून बघा’ असं सुचवणारा मदतनीस, हे सगळं पायथनवर. उबुंटूवर टर्मिनलची खिडकी उघडून देणारी छोटी फाइलसुद्धा पायथनची आहे. मिंटचं अपडेट मॅनेजर आणि सॉफ्टवेअर मॅनेजर, दोन्ही पायथनमध्येच. म्हणजे हे पायथन म्हणजे घरची मोठी चूल समजा. सगळ्या घराचं जेवण तिच्यावर शिजतं. मुलीला वेगळ्या पद्धतीचं काही करायचं असेल तर तिने खुशाल वेगळी चूल मांडावी. घरची चूल फोडून तिच्या जागी आपली मांडू नये.

आता वेगवेगळ्या आवृत्त्या मुळात लागतातच का?

पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात येते. प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळतात, मग ती निवृत्त होते. ३.८ ही ऑक्टोबर २०२४ मध्ये निवृत्त झाली, ३.९ ही ऑक्टोबर २०२५ मध्ये. उबुंटूची प्रत्येक दीर्घ मुदतीची आवृत्ती मात्र आपल्या जन्माच्या वेळचं पायथन धरून बसते. उबुंटू २०.०४ मध्ये ३.८ आहे, २२.०४ मध्ये ३.१०, आणि २४.०४ मध्ये ३.१२. मिंट २१ हे उबुंटू २२.०४ वर बेतलेलं, मिंट २२ हे २४.०४ वर. दुकानदाराने कोणतं टाकलं त्यावर तुमचं पायथन ठरतं, तुमच्या सिलॅबसवर नाही.

आपल्या भागातल्या प्रोजेक्टचे विषय बघा. कपाशीच्या पानाचा फोटो घेऊन रोग ओळखणारा प्रोग्रॅम, हजेरीसाठी चेहरा ओळखणारा प्रोग्रॅम, मराठी मजकुरातला राग-लोभ ओळखणारा प्रोग्रॅम. यातला बराच कोड २०१८-१९ च्या सुमारास लिहिलेला आणि तेव्हापासून एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे सरकत आलेला. त्यात गुगलची टेन्सरफ्लो ही लायब्ररी असते, आणि तीही १.१५ सारख्या जुन्या आवृत्तीची. टेन्सरफ्लो १.१५ पायथन ३.७ च्या पुढे मिळतच नाही. तुमच्याकडे ३.१२. मग पिप म्हणतं, ‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्युशन फाउंड’. मुलांना वाटतं नेट गेलं किंवा नाव चुकलं. नाव बरोबर असतं, पायथनच जुळत नसतं.

दुसरी नेहमीची अडचण ‘डिस्टयुटिल्स’ची. पायथनसोबत वर्षानुवर्षं येणारा हा भाग ३.१२ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये, काढून टाकला गेला. जुन्या लायब्रऱ्या टाकताना त्या याच्यावर विसंबून असतात. त्यामुळे ३.१० वर बिनबोभाट बसणारी जुनी नमपाय ३.१२ वर लाल अक्षरांची पानंच्या पानं ओकते. त्या लाल अक्षरांत घाबरण्यासारखं काही नाही. खालून वर वाचत जा, शेवटच्या दोन-तीन ओळींत कारण असतं.

पण एक गोष्ट आधीच सांगायला हवी. जुनं पायथन प्रत्येक वेळी लागतंच असं नाही, आणि मुलं ते उगाच शोधत बसतात. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प आहे, दहा-पंधरा मिनिटांचे मोफत धडे, लिनक्सचे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात. कोचिंगला पैसे घालण्याआधी प्रत्येक घराने ते बघावेत असं माझं मत आहे. त्यांची पायथनची मालिका ३.४.३ या आवृत्तीवर रेकॉर्ड केलेली आहे. त्याहून जुनी एक मालिका पायथन २ ची आहे. आता ३.४ ही आवृत्ती २०१९ मध्येच निवृत्त झाली. ती शोधून टाकायची काही गरज नाही. लूप, लिस्ट, फंक्शन, फाइल वाचणं हे त्या धड्यांतलं जवळपास सगळं ३.१२ वर जसंच्या तसं चालतं. पायथन २ ची मालिका असेल तर मात्र सांभाळा. तिथे ‘प्रिंट’ नंतर कंस नसतो, पायथन ३ ला कंस लागतो. २००८ च्या डिसेंबरात पायथन ३ आलं तेव्हा हे आणि असे बरेच बदल झाले, जगभरातल्या लोकांना जुना कोड बदलायला बारा वर्षं लागली. १ जानेवारी २०२० ला पायथन २ चा आधार संपला आणि त्याच एप्रिलमध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती निघाली. तुमच्या हाती आलेल्या कोडमध्ये बिनकंसाचं प्रिंट दिसलं तर जुनं पायथन टाकण्यापेक्षा कोड सुधारा, कमी त्रास होईल.

नवीन प्रोजेक्ट सुरू करत असाल तर गाइडसरांना नम्रपणे विचारायला हरकत नाही की सर, टेन्सरफ्लो २ वर केलं तर चालेल का. टेन्सरफ्लो २.१६ पासून ३.१२ चालतं. सर हो म्हणाले तर खालच्यापैकी निम्मा उपद्व्याप वाचेल.

सर नाही म्हणाले, असं धरून पुढे जाऊ.

आज्ञा इथे नागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या लहान इंग्रजी अक्षरांत टाकायच्या. सगळ्यात आधी टर्मिनलमध्ये ‘पायथन३’, मग मोकळी जागा, मग दोन आडव्या रेघा आणि लागून ‘व्हर्जन’. तुमची आवृत्ती दिसेल. ती वहीत लिहून ठेवा. वहीतच लिहा, कारण लॅपटॉप अडला तर लॅपटॉपमधली नोंद काय कामाची?

आता एक समजून घेण्यासारखी गोष्ट. ‘पायथन३’ अशी आज्ञा दिली की लिनक्सला कसं कळतं कोणतं? गल्लीत उभं राहून ‘ओ शेख साहेब!’ अशी हाक मारली तर ज्या शेखांचं दार आधी लागतं तेच बाहेर येतात. लिनक्सकडेही अशीच दारांची एक यादी असते, तिला ‘पाथ’ म्हणतात. यादीतल्या पहिल्या फोल्डरपासून तो शोधत जातो आणि त्या नावाची फाइल जिथे आधी सापडेल ती चालवतो. ‘टाइप’, मोकळी जागा, रेघ लावून ‘ए’, मग ‘पायथन३’ अशी आज्ञा दिली तर गल्लीतले सगळे शेख ओळीने दिसतात. लिनक्सच्या स्वतःच्या प्रोग्रॅमांचं तसं नाही. ते नुसती हाक मारत नाहीत, पूर्ण पत्ता लिहितात, ‘यूएसआर’ फोल्डर, त्यातलं ‘बिन’ फोल्डर, त्यातलं ‘पायथन३’. म्हणून यादीत आपलं दार आधी आणलं तर आपल्या हाकेला आपलं पायथन येतं आणि लिनक्सचं काम त्याच्या पत्त्यावर बिनधोक चालू राहतं. पण कुणी त्या पत्त्यावरचंच दार बदललं, तर लिनक्सचीच गाडी रुळावरून उतरते.

आणि नेमकं हेच करायचा सल्ला इंटरनेटवर जागोजाग मिळतो. ‘अपडेट-अल्टरनेटिव्हज’ नावाची आज्ञा वापरून ‘पायथन३’ हे नाव जुन्या आवृत्तीकडे वळवा, म्हणतात. जावासाठी ही आज्ञा चांगली आहे, कारण लिनक्स जावावर चालत नाही. पायथनसाठी नको. ती वळवली की अपडेट करताना ‘नो मॉड्यूल नेम्ड एपीटी अंडरस्कोर पीकेजी’ अशी ओळ येऊ लागते, आणि टर्मिनलचं चिन्ह दाबलं तर क्षणभर गोल फिरतं आणि काहीच उघडत नाही. एपीटीचा तो भाग ३.१२ साठीच बांधलेला असतो, ३.८ ला तो सापडत नाही.

ज्यांच्याकडे असं आधीच झालंय त्यांच्यासाठी. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळा पडदा येईल, तिथे नाव आणि पासवर्ड टाका. पासवर्ड टाकताना अक्षरं दिसत नाहीत, तसंच टाकायचं. मग जुना दुवा परत जोडायचा. आज्ञा अशी : ‘सुडो’, मग ‘एलएन’, मग रेघ लावून ‘एसएफ’, मग मूळ पायथनचा पूर्ण पत्ता (स्लॅश यूएसआर स्लॅश बिन स्लॅश पायथन३.१२), आणि शेवटी दुव्याचा पत्ता (तोच, फक्त शेवटी नुसतं पायथन३). ३.१२ च्या जागी वहीत लिहिलेली तुमची आवृत्ती. वही इथे कामी येते. रीस्टार्ट केलं की टर्मिनल उघडायला लागतं.

पायथन पूर्णच काढलं असेल तर त्याच्यावर अवलंबून असलेला सगळा डेस्कटॉप सोबत गेलेला असतो, म्हणून काळा पडदा. आज्ञा देताना लिनक्सने ‘एवढी पॅकेज निघणार आहेत, चालेल का’ असं विचारलेलं असतं आणि भली मोठी यादी दाखवलेली असते, आपण न वाचता ‘वाय’ दाबतो. तरी एक बरं आहे. ‘एपीटी’ ही आज्ञा स्वतः पायथनमध्ये लिहिलेली नाही, ती सी++ मध्ये आहे, त्यामुळे पायथन गेलं तरी ती चालते. मोबाइल यूएसबी वायरने जोडा, मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा, आणि काळ्या पडद्यावर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३ उबुंटू-डेस्कटॉप’ ही आज्ञा द्या. मिंटवर उबुंटू-डेस्कटॉपच्या जागी ‘मिंट-मेटा-सिनॅमन’. डाउनलोड मोठं असतं, त्या दिवशीचा मोबाइलचा डेटा त्यात जाईल. पण घरचा हिशेब, फोटो, फॉर्मच्या पीडीएफ ‘होम’ फोल्डरमध्ये जशाच्या तशा असतात. फॉरमॅट मारायची घाई करू नका आणि दुकानदाराला करू देऊ नका. डेटा खरा जातो तो तिथे.

आता वेगळी चूल कशी मांडायची ते.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते, आणि भल्याभल्यांची होते. एक म्हणजे पायथनची आवृत्ती, दुसरी म्हणजे त्या आवृत्तीत टाकलेल्या लायब्रऱ्या. ‘व्हेन्व्ह’ नावाची सोय, म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, लायब्रऱ्या वेगळ्या ठेवते. ती आवृत्ती बदलत नाही. ३.१२ ने बनवलेल्या व्हेन्व्हमध्ये ३.१२ च राहणार. चूल वेगळी झाली, पण जळण तेच. जळणही वेगळं हवं असेल तर आधी हवी ती आवृत्ती लॅपटॉपवर आणायची, आणि मग तिने व्हेन्व्ह बनवायचं.

आवृत्ती आणायचे तीन-चार रस्ते आहेत.

एकच प्रोजेक्ट आहे आणि ३.९ ते ३.११ पैकी एखादी आवृत्ती हवी आहे, तर ‘डेडस्नेक्स’ नावाचा स्रोत उबुंटूला जोडणं सगळ्यात सोपं. ‘सुडो ॲड-एपीटी-रिपॉझिटरी’ आणि पुढे ‘पीपीए:डेडस्नेक्स/पीपीए’. मग ‘सुडो एपीटी अपडेट’, आणि मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३.११ पायथन३.११-व्हेन्व्ह’. दुसरं नाव विसरू नका, नाहीतर व्हेन्व्ह बनत नाही. हे नवं पायथन जुन्याच्या शेजारी बसतं, त्याच्या जागेवर नाही. त्याला बोलवायचं झालं तर पूर्ण नावाने, ‘पायथन३.११’ असं. शेख साहेब नव्हे, बाराखोल्यांचे अमुक शेख साहेब. हा स्रोत उबुंटूचा अधिकृत नाही, काही स्वयंसेवक चालवतात, आणि सुरक्षेचे अपडेट वेळेवर मिळतीलच अशी हमी ते स्वतःच देत नाहीत. कॉलेजच्या प्रोजेक्टला चालतं. दुकानाच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरला मी वापरणार नाही.

दोन-तीन प्रोजेक्ट असतील, किंवा पुढे याच क्षेत्रात नोकरी करायची असेल, तर ‘पायएन्व्ह’ शिकून घ्या. याची खुबी अशी की सगळं आपल्या होम फोल्डरमध्ये राहतं. पायएन्व्ह दारांच्या यादीत सगळ्यात आधी आपला एक दारवान बसवतो. ‘पायथन’ अशी हाक आली की दारवान आधी बघतो, सध्या आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत, तिथे आवृत्ती लिहिलेली चिठ्ठी आहे का, आणि त्याप्रमाणे माणूस पाठवतो. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘पायएन्व्ह लोकल ३.१०’ म्हटलं की ती चिठ्ठी तयार होते. कपाशीच्या फोल्डरमध्ये ३.१०, हजेरीच्या फोल्डरमध्ये ३.११, बाकी सगळीकडे लिनक्सचंच. फोल्डर बदललं की पायथन बदललं.

त्याची किंमतही मोजावी लागते. पायएन्व्ह तयार पायथन आणत नाही, त्याचा कच्चा माल आणून तुमच्या लॅपटॉपवर बांधतं. कच्चा माल वीसेक एमबीचाच, पण बांधायला आधी कंपायलर आणि बरीच पॅकेज टाकावी लागतात, आणि जुन्या लॅपटॉपला बांधणीत चांगलाच वेळ लागतो, पंखा जोरात फिरतो. वीज जायची वेळ बघून बसा. एखादं पॅकेज राहिलं तर पायथन बांधून होतं, पण पुढे ‘एसएसएल’ नाही किंवा ‘स्क्यूलाइट’ नाही अशी कुरकुर करतं. तेव्हा आधी सगळी पॅकेज, मग बांधणी. ३.७ किंवा त्याहून जुनं असेल तर नव्या उबुंटूवर ही बांधणी मध्येच अडू शकते, कारण त्यातलं ओपनएसएसएल फार पुढे गेलेलं आहे.

अशा फार जुन्या आवृत्तीसाठी, म्हणजे त्या टेन्सरफ्लो १.१५ साठी, ‘मिनीकोंडा’ बरं. ते तयार बांधलेलं ३.७ आणून देतं, बांधणीची कटकट नाही. पूर्ण ॲनाकोंडा मात्र घेऊ नका, ते कित्येक जीबी जागा खातं आणि त्यातलं नव्वद टक्के प्रोजेक्टला लागत नाही. २०२४ मध्ये ‘यूव्ही’ नावाचं नवं साधन आलं आहे, ॲस्ट्रल नावाच्या कंपनीचं. तेही तयार पायथन आणतं, व्हेन्व्हही तेच बनवतं, आणि वेगाने. नव्याने शिकणाऱ्याने आज सुरुवात करायची तर यूव्हीपासून करावी असं मला वाटतं. फक्त कॉलेजातल्या लॅबमध्ये आणि सरांच्या नोट्समध्ये ते सापडायला अजून वेळ लागेल.

आवृत्ती आली. आता प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘पायथन३.११ -एम व्हेन्व्ह चूल’. ‘चूल’च्या जागी हवं ते नाव इंग्रजीत. मग ‘सोर्स चूल/बिन/ॲक्टिव्हेट’. टर्मिनलच्या ओळीत सुरुवातीला कंसात ते नाव दिसू लागतं. ते दिसत असेल तेव्हाच पिप वापरायचं. काम झालं की ‘डीॲक्टिव्हेट’.

व्हेन्व्हच्या बाहेर पिप वापरायला गेलात तर उबुंटू २४.०४ आणि मिंट २२ आता सरळ नकार देतात. ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा मोठा संदेश येतो. मुलं याला बिघाड समजतात. ही सोय आहे, घरच्या चुलीत तुम्ही हात घालू नये म्हणून लावलेलं कुंपण. संदेशाच्या तळाशी कुंपण ओलांडायचा एक पर्यायही लिहिलेला असतो, आणि त्याचं नावच ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’ आहे. नाव ठेवणाऱ्याने आडपडदा ठेवलेला नाही. तो वापरू नका, आणि ‘सुडो पिप’ तर बिलकुल नको.

जागेचा आणि डेटाचा विचार घरच्यांनीही करायचा आहे. पायएन्व्हने बांधलेली एक आवृत्ती काहीशे एमबी घेते. टेन्सरफ्लो टाकलेलं एक व्हेन्व्ह एक जीबीच्या वर जातं. तीन प्रोजेक्ट, तीन व्हेन्व्ह, म्हणजे जुन्या लॅपटॉपची १२८ जीबीची डिस्क बघता बघता भरते. व्हेन्व्ह हे जपून ठेवायचं दागिना नाही. प्रोजेक्ट संपला की ते फोल्डर उडवा, कोड आणि लायब्रऱ्यांची यादी तेवढी ठेवा, परत हवं तर पाच मिनिटांत नवीन बनतं. पिप एकदा उतरवलेल्या फाइली आपल्याजवळ साठवून ठेवतं, त्यामुळे त्याच आवृत्तीचं दुसरं व्हेन्व्ह बनवताना बराचसा डेटा वाचतो. दिवसाला दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर चालणाऱ्या घराला हे माहीत असलेलं बरं.

आणि लिनक्सवर मुलीचं वेगळं खातं उघडून द्या. सेटिंग्जमध्ये ‘युजर्स’ आहे, दोन मिनिटांचं काम. पायएन्व्ह, यूव्ही, मिनीकोंडा, सगळं तिच्या होम फोल्डरमध्ये राहील. त्या खात्याला सुडोचा अधिकार दिला नाही तर तिच्याकडून घरचं पायथन निघूच शकत नाही, कितीही मैत्रिणींनी सांगितलं तरी. भावाचा हिशेब त्याच्या खात्यात. डेडस्नेक्सला आणि पायएन्व्हच्या बांधणीला लागणाऱ्या पॅकेजना सुडो लागतो, ते एकदा घरातल्या मोठ्याने टाकून द्यावं. यात मुलीवर अविश्वास नाही. तिला मोकळेपणी प्रयोग करता यावेत, काही मोडलं तर तिचंच मोडावं आणि घरात तिला बोल लागू नये, यासाठी हे आहे. बऱ्याच मुली लॅपटॉप बिघडेल या भीतीनेच हात आखडता घेतात.

पीएचपी किंवा नोड शिकणाऱ्यांनाही हेच लागू, फक्त साधनांची नावं वेगळी. नोडसाठी ‘एनव्हीएम’ आहे, ते पायएन्व्हसारखंच होम फोल्डरमध्ये राहतं आणि आवृत्त्या तयार उतरवतं.

शेवटी सबमिशनचा दिवस. घरच्या लॅपटॉपवर चाललेला प्रोजेक्ट कॉलेजच्या लॅबमध्ये, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर चालायला हवा. व्हेन्व्ह चालू असताना ‘पिप फ्रीझ’ केलं की सगळ्या लायब्रऱ्या आणि त्यांचे आकडे मिळतात, ते ‘रिक्वायरमेंट्स’ नावाच्या फाइलमध्ये ठेवायची पद्धत आहे. पण त्या फाइलमध्ये पायथनची आवृत्ती नसते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ती वेगळी लिहा, प्रोजेक्ट रिपोर्टच्या ‘सॉफ्टवेअर रिक्वायरमेंट’च्या पानावर, ‘पायथन ३’ एवढंच नाही तर ‘पायथन ३.११’ असं. पुढच्या वर्षी तुमचा कोड ज्या ज्युनिअरच्या हाती पडेल ती त्या एका आकड्यासाठी दुवा देईल.

व्हेन्व्हचं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करून नेऊ नका, ते दुसऱ्या मशिनवर चालत नाही, त्यात तुमच्या लॅपटॉपचे पत्ते लिहिलेले असतात. लॅबमध्ये नेट नसेल अशी शंका असेल तर घरीच ‘पिप डाउनलोड’ने रिक्वायरमेंट्समधल्या सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या. त्यातल्या पुष्कळ फाइलींच्या नावात ‘सीपी३११’ असं दिसेल, म्हणजे ती फाइल ३.११ वरच बसते, आणि नावात ‘लिनक्स’ असेल तर विंडोजच्या मशिनवर बसत नाही. तेव्हा आठवडाभर आधी लॅब असिस्टंटना विचारून या, परीक्षेच्या मशिनवर कोणती सिस्टम आहे आणि कोणतं पायथन. ते सांगतील ‘आहे ना पायथन’. तिथेच बसून आकडा बघून घ्या.